एक केबीची गाणी

आमच्या हर्सूलच्या घरात शोकेसच्या खालच्या दोन खणांत सव्वाशे सीडी होत्या. त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकल्याही नव्हत्या. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी 'मनःशांती'चा बारा सीडींचा संच दिला होता. त्यातला गृहस्थ 'डोळे मिटा, श्वास घ्या' हे असल्या मेल्या आवाजात सांगायचा की माणूस असलेला श्वासही विसरावा. बाकी सिनेमाची जुनी गाणी, भक्तिगीतं आणि मेहुण्यांनी पाहुणे म्हणून येताना मिठाईऐवजी आणलेलं कसलं कसलं वाद्यसंगीत.

दिवाळीला घराला रंग द्यायचा निघाला आणि बायकोनं फर्मान काढलं, हे भंगार हलवा, मला तिथं डिनर सेट मांडायचाय. तो डिनर सेट पोराच्या लग्नात आलेला, आजवर खोक्याबाहेर न निघालेला. एक भंगार काढून तिथं दुसरं मांडायचं, याला आमच्या घरी आवराआवर म्हणतात.

पोरगा शेंद्र्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, बाबा, फेकून द्या, आता सगळं मोबाईलवर मिळतं. मिळतं ना. दोन गाणी झाली की एक बाई मधेच येऊन मसाला विकते, आणि नेट गेलं की गाणारा आ वासून तसाच थांबतो. यावर हे लोक खूश. मी ठरवलं, एकही गाणं सोडायचं नाही. सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये भरायच्या आणि मगच सीडी घराबाहेर काढायच्या.

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमन ट्रेड शिकवला. मशीनला हात लावायच्या आधी मशीन समजून घ्या, हे मी दरवर्षी नव्या बॅचला घसा फोडून सांगायचो. त्यामुळं कॉम्प्युटर मला कुणी शिकवावा याची गरज मला वाटत नव्हती. सीडी आत ढकलली की पडद्यावर ट्रॅक एक, ट्रॅक दोन अशा ओळीनं फायली दिसायच्या. सगळ्या निवडल्या, कॉपी म्हटलं, नवं फोल्डर उघडलं, पेस्ट म्हटलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खी सीडी उतरायची. लोक उगाच बाऊ करतात, असं मनात म्हणत मी दुसरी सीडी लावायचो.

आमची सून एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. चहा घेऊन आली, माझ्या मागं उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, गाणी इतक्या लवकर उतरत नाहीत. या फायली बघा, एकेक केबीच्या आहेत, गाणं एवढंसं नसतं. त्याला वेगळा प्रोग्रॅम लागतो, एकेका सीडीला पाच-दहा मिनिटं जातात. मी मान वळवूनही बघितलं नाही. फायलीवर टिचकी मारली, गाणं झकास वाजायला लागलं. मी म्हणालो, वाजतंय ना? मग साइजचं काय लोणचं घालायचंय? ती एक गोष्ट एकदाच सांगणारी बाई आहे. चहा ठेवून आत गेली. मी ते गाणं मुद्दाम मोठ्या आवाजात शेवटपर्यंत वाजवलं.

दोन दिवसांत सव्वाशे सीडी उतरवून टाकल्या. एका जुन्या सहकाऱ्याला मोठ्या मनानं एक पेन ड्राइव्ह भरून दिला. आठवड्यानं त्याचा फोन आला की यातलं काहीच वाजत नाही. मी त्याला सांगितलं, तुझं मशीन निजामाच्या काळातलं असेल, ते बदल. तो बिचारा खरंच नवीन मशीन बघायला दुकानात जाऊन आला, हे मला पुढं कळलं.

भाऊबीजेला पैठणहून आक्का आणि दाजी आले. आक्का माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. आता तिच्या घशातून नुसती हवा येते. जवळ बसून कान दिला तर शब्द कळतात, दोन हात लांब बसलं तर काही नाही. कुणाला हाक मारायची तर ती टाळी वाजवते. आणि ही बाई कोण, तर जिच्याशिवाय त्यांच्या गल्लीत कुणाच्या घरची हळद दळली जायची नाही. हळदीच्या दिवशी जात्याला आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हळद दळायची आणि आक्कानं गाणी सांगायची. पाठ केलेली गाणी संपली की ती तिथल्या तिथं नवी जुळवायची, समोर बसलेल्यांची नावं घालून. तिचा आवाज धरणापर्यंत जातो, असं दाजी सांगायचे. दाजींना बायकोचं कौतुक म्हणजे फार, तेवढं काही जात नसेल.

तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, त्याला आता वीस वर्षं झाली, साउंडवाल्यानं जात्याशेजारी माईक ठेवून ती गाणी रेकॉर्ड केली होती आणि एक सीडी लिहून दिली होती. त्यांच्या घरी तेव्हा वाजवायला काही नव्हतं, वर उंदरांचा सुळसुळाट, म्हणून आक्कानं ती माझ्याकडं ठेवायला दिली. मी सीडीवर मार्करनं 'हळद, पैठण' लिहिलं आणि खणात सारली. वीस वर्षांत एकदाही लावली नाही. बायकांच्या हेल काढून म्हटलेल्या गाण्यांत मेलं ऐकायचं काय, असा माझा हिशेब. तरी या सफाईत तीही उतरवून घेतली. फोल्डरला 'आक्का' असं नावसुद्धा दिलं.

अंगणात सीडींचा ढीग बघून दाजी हरखले. त्यांची पेरूची बाग आहे आणि पोपटांनी त्यांना रडकुंडीला आणलं होतं. सीडी झाडाला टांगली की उन्हात चमकते, वाऱ्यानं फिरते, पोपट बिचकतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, न्या सगळ्या, आता यात राहिलंय काय, माल काढून घेतलाय मी. दोन पिशव्या भरल्या. एक दाजींनी घेतली, दुसरी आक्कानं एसटीत मांडीवर घेऊन पैठणला नेली.

माघात दाजींचा फोन आला. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनात. तारीख, मुलीकडची माणसं, मांडव, सगळं सांगून झालं आणि मग ते जरा थांबले. आक्का त्यांच्या शेजारी बसली होती. ती कुजबुजायची आणि ते मला सांगायचे. म्हणाले, ही म्हणतीय, पोराच्या हळदीला आईनं गाणी सांगायची असत्यात. हिला तर जमणार नाय. दुसऱ्या बाईनं सांगितलेली हिला चालणार नायत. ती सीडी हाय ना तुझ्याकडं, ती लाव म्हणतीय. तिच्याच आवाजावर हळद दळायची म्हणतीय. पोराच्या लग्नात एवढं एकच मागणं हाय तिचं.

मी म्हणालो, त्यात काय एवढं, पेन ड्राइव्ह घेऊनच येतो. फोन ठेवला आणि सहज म्हणून 'आक्का' फोल्डर उघडलं. टिचकी मारली. पडद्यावर एक पाटी आली की फाइल वाजवता येत नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. मग दुसरं फोल्डर, मग तिसरं. सव्वाशे सीडींमधलं एकही गाणं तोंड उघडेना. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला दोन चापट्या दिल्या, वायरी काढून पुन्हा लावल्या. वायरमनला दुसरं सुचणार काय?

शेवटी सुनेला हाक मारावी लागली. तिनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. तोंडावर हसू नव्हतं, ते तरी असतं तर मला भांडता आलं असतं. तिनं समजावून सांगितलं की ती फाइल म्हणजे गाणं नव्हेच. गाणं सीडीवर कुठं आहे याचा नुसता पत्ता. सीडी मशीनमध्ये असेपर्यंत पत्त्यावर जाऊन मशीन गाणं वाजवतं. सीडी काढली की संपलं. म्हणजे मी सव्वाशे घरांचे पत्ते नीटनेटके लिहून घेतले होते आणि घरं पोपटांना देऊन टाकली होती. तीस वर्षं मशीन समजून घ्या, मशीन समजून घ्या म्हणून बोंबलणारा मी, ड्राइव्हमध्ये सीडी ठेवून गाणं वाजवून बघत होतो आणि वर सुनेला लोणच्याचं विचारत होतो. मला माझी इतकी शिसारी आली की संध्याकाळचं जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पैठण गाठलं. आक्काला काही कळू द्यायचं नाही असं ठरवून दाजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं की एक सीडी जरा तपासायला हवी आहे. दाजी शेतकरी माणूस, पण त्यांना येडं समजणारा मीच येडा. ते म्हणाले, "म्हंजी त्यात माल राहिलाच हाय म्हना की." घरात एकदा डोकावून आले आणि बागेकडं चालू लागले.

दाजींनी मोठ्या हौसेनं काम केलं होतं. दोन्ही बाजूंनी चमकावं म्हणून दोन-दोन सीडी पाठीला पाठ लावून, मधल्या भोकातून सुतळी ओवून, गाठी मारून झाडोझाडी टांगल्या होत्या. नावाची बाजू आत, चकाकती बाजू बाहेर. त्यामुळं कुठली कुठली ते सोडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि पोपट? पोपट त्याच झाडांवर बसून पेरू खात होते. एक तर सीडीवर चोच मारत होता. हा पैठणच्या शेतकऱ्यांचा शास्त्रीय उपाय.

आम्ही गाठी सोडायला लागलो. सुतळीच्या गाठी दवानं आवळलेल्या, नखं दुखायला लागली. मनःशांतीवाला गृहस्थ पहिल्याच झाडावर निघाला, आणि मग दर दहा मिनिटांनी निघतच राहिला. ऊन वर आलं तेव्हा बांधावरून टाळी ऐकू आली. आक्का उभी होती, डोक्यावर पदर, हातात पाण्याची कळशी. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण ती नुसती आली, कळशी खाली ठेवली आणि माझ्याशेजारच्या झाडाच्या गाठी सोडायला लागली. दाजींच्या पोटात गोष्ट राहत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं.

सीडी दुपारी सापडली, बांधालगतच्या झाडावर, जिथं दिवसभर ऊन. माझं अक्षर आतल्या बाजूला होतं म्हणून शाबूत होतं. चकाकती बाजू मात्र पार बदललेली. मिळाली तेव्हा ती हिरवट होती, आता कडेला पांढुरकी पडली होती, ओरखडे होते आणि पोपटाची शीटही होती. आक्कानं ती पदरानं पुसायला घेतली, मी तिच्या हातातून ओढून घेतली. म्हणालो, घासू नकोस, तुला त्यातलं काय कळतं. सवय अशी जात नाही.

हर्सूलला परतल्यावर सून ती सीडी बघून म्हणाली की कंपनीच्या सीडी उन्हाला दाद देत नाहीत, पण कॉम्प्युटरवर भरलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो ऊन खातं. तिनं ती पाण्यानं धुतली, मऊ कापडानं मधून बाहेर पुसली आणि तिच्या लॅपटॉपला एक वेगळा ड्राइव्ह जोडला. तिच्या प्रोग्रॅमला जिथं वाचता येत नव्हतं तिथं तो पुन्हा पुन्हा वाचत होता, कधी कधी एकाच जागेवर तासभर. दोन दिवस ती सीडी फिरत होती. मी मधे मधे जाऊन विचारायचो, झालं का? ती म्हणायची, बाबा, बसा. एवढ्या थोडक्यात मला कुणी गप्प बसवलं नव्हतं.

सातांपैकी चार गाणी नीट आली. दोन मुळीच आली नाहीत. पाचवं अर्ध्याच्या पुढं येऊन तुटलं होतं. सून म्हणाली, बाबा, हे एकदा पूर्ण ऐका आणि ठरवा, ठेवायचं की काढायचं. मी चारी गाण्यांच्या सुरुवाती ऐकल्या, आक्काचा आवाज आहे एवढी खात्री केली. पाचव्याला हातही लावला नाही. म्हणालो, राहू दे त्यातच, हळदीच्या गोंधळात शेवटपर्यंत कोण ऐकतंय.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, मधे जातं. दाजींनी आणलेला स्पीकर माझ्या उंचीचा. पेन ड्राइव्हवर हळद दळायची म्हटल्यावर गल्लीतल्या बायका पदराआड हसत होत्या, आणि मीही मनातल्या मनात त्यांच्यातच होतो. आक्का जात्याशी बसली. मी बटण दाबलं.

तिचा आवाज आला आणि हसणं थांबलं. तसा आवाज मी विसरलो होतो. दाजी खोटं बोलत नव्हते. जात्याची घरघर सीडीतही होती आणि अंगणातही होती. थोड्या वेळानं दोन्ही एकाच लयीत फिरायला लागल्या. बायका मागून ओळी उचलायला लागल्या. आक्काचा हात खुंट्यावर, ओठ हलत होते, आणि आवाज स्पीकरमधून. नवरदेव खांबाला धरून रडत होता. चार गाणी झाली आणि पाचवं लागलं.

ते मामावरचं होतं. हळदीत नवरीच्या मामाची खेचायची रीतच आहे. तो मामा म्हणजे मी.

नवरीचा मामा बाई, शहाणपणाची गोणी
गावाला शिकवितो, घरी ऐकत नाही कोणी

अंगण खदखदलं. सून तर तोंडावर हात धरून वळली. आणि त्या हशातच स्पीकरमधून एक बाप्याचा आवाज आला, कोरडा, चिडका. "आक्के, बास झालं. पाहुण्यांसमोर माझी शोभा करायला बोलावलंस का? घाल चुलीत तुझी गाणी." मागं खुर्ची आपटल्याचा आवाज. तो आवाज मला आधी ओळखू आला नाही. बायका माझ्याकडं बघायला लागल्या तेव्हा ओळखू आला. मग सगळं आठवलं. वऱ्हाडी मंडळींना मी वायरिंगवर व्याख्यान देत बसलो होतो, ती गाणं ऐकून हसली, आणि मी तसाच उठून एसटी स्टँडवर गेलो होतो. भाचीच्या अक्षताही मी टाकल्या नव्हत्या. सीडी वीस वर्षं का लावली नाही, याची जी कारणं मी लोकांना आणि स्वतःला सांगत आलो ती सगळी थाप होती.

स्पीकरमधलं जातं थांबलेलं. कुणीतरी बाई पुटपुटली, आता राहू दे गं. आणि मग जातं पुन्हा फिरायला लागलं, हळू, आणि आक्काचा आवाज आला. मघाच्यापेक्षा खालच्या पट्टीत.

रुसून गेला मामा, त्याला हसू नका बाई
एकटा माझा भाऊ, त्यानं माझ्यासाठी...

आणि टक, टक, टक. पुढं ऊन खाऊन गेलं होतं. स्पीकर तिथंच टकटक करत राहिला. सुनेनं पुढं होऊन बंद केला.

मग एका म्हातारीनं ओळ पुरी करायला घेतली, दुसरीनं वेगळी सुचवली. एकीला वाटलं भाऊ उन्हातान्हात न्यायला यायचा असं असेल. आक्का मान हलवत होती, हे नाही, ते नाही. मी जात्यापाशी जाऊन बसलो. हळदीनं माखलेला तिचा हात धरला आणि विचारलं, आक्के, पुढं काय होतं? त्यानं तुझ्यासाठी काय?

ती आठवायचा प्रयत्न करत होती, हे दिसत होतं. मग तिनं माझं डोकं जवळ ओढून तोंड माझ्या कानाशी आणलं.

"नाय आठवत रे. तवा तोंडाला आलं ते म्हनलं." ती श्वास घ्यायला थांबली. "तू थांबला असतास तर तुला आठवलं असतं."